कापलेल्या गवतावरचा पाऊस



निपाणी आणि बेळगावच्या मधे, महामार्गापासून जरा आत, आमचे लहानसे चर्च आहे. समोर दोन गुंठ्यांची हिरवळ. तिची राखण आम्हा चार-पाच स्वयंसेवकांकडे. रविवारी मिस्सा झाली की मोठी माणसे तिथे उभी राहून पावसापाण्याच्या, तंबाखूच्या भावाच्या गप्पा मारतात आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले पळापळी खेळतात.

मागच्या वर्षी ईस्टर जवळ आला, तेव्हा अंगण नीटनेटके दिसावे असे आम्हाला वाटले. एके ठिकाणाहून पेट्रोलवर चालणारे गवत कापायचे मशीन आणले. पाते सगळ्यात खालच्या खाचेत बसवले. एकदाच बारीक कापले की महिनाभर बघायला नको, हा आमचा हिशेब. त्या दिवशी अंगण गालिच्यासारखे दिसले. आठवड्यात ते पिवळे पडले आणि मे संपेपर्यंत जागोजागी माती उघडी पडली.

जूनमध्ये वर्ग पुन्हा सुरू झाले. हिरवळ बिघडली ती मुलांच्या पायांनी, असे आम्ही ठरवून टाकले आणि चारी बाजूंनी दोरी बांधली. पहिल्याच रविवारी एक मुलगा चेंडू आणायला दोरीखालून आत गेला. पहिल्या कम्युनियनची तयारी करणारा, तिसरीतला. ‘हे चर्चचं अंगण आहे, तुझ्या घरचं नव्हे!’ असे आमच्यापैकी एकजण सगळ्यांदेखत ओरडला. ओरडणारा हे लिहिणाराच होता, हे ‘आम्ही’ या शब्दाआड लपवता येणार नाही.

पुढचे तीन रविवार तो मुलगा आला नाही. आमच्या ते लक्षातही आले नाही, कारण आमचे सगळे लक्ष गवताकडे होते.

चर्चची देखभाल करणारे आमचे मामा गेली कित्येक वर्षे ही हिरवळ विळ्याने कापत आले. मशीन आणताना त्यांना विचारायचे आम्हाला सुचले नव्हते. शेवटी विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, ‘मुळापातूर भादरलासा की वो! मग ते जगायचं कशावर?’

मग त्यांनी आम्हाला सगळे अंगण हिंडून दाखवले. उताराच्या उंचवट्यावर मशीनचे पाते थेट मातीला लागले होते. गवताची वाढ बुडाशी असलेल्या पेरांतून होते, म्हणून शेंडा कापला तरी ते मरत नाही. पण पानच त्याचे अन्न तयार करते. एका वेळी तृतीयांशाहून जास्त पान कापले की मुळांची वाढ खुंटते, आणि उन्हाळ्यात मुळे उथळ राहिली की गवत जळते. दुसरा उघडा पट्टा फाटकापासून वर्गखोलीपर्यंतचा. तिथे मामांनी पारई टेकवली, तर ती बोटभरही आत जाईना. माती इतकी घट्ट झाली होती की पाणी वरूनच वाहून जाई. तिसरा आंब्याखालचा. आमचे गवत म्हणजे साधी हरळी, आणि हरळीला ऊन लागते. दाट सावलीत ती धरत नाही, कितीही खत घाला.

म्हणजे तीन जागा, तीन दुखणी, आणि आम्ही सगळ्यांवर एकच उपाय केला होता, दोरी. मुलांचे पाय फक्त एकाच पट्ट्याला कारण होते, आणि त्या वाटेने वर्गाला यायला आम्हीच त्यांना शिकवले होते.

त्या संध्याकाळी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. आईने चहा ठेवला. मग हळूच म्हणाली, ‘मास्तर, पोरगं म्हणतंय, चर्च आपलं घर न्हाई. मास्तरच म्हणाले.’ वर्षभर आम्ही त्याच वर्गात शिकवत होतो की देवाचे घर ते आपले घर. एका वाक्याने ती शिकवण आम्हीच बुडापासून कापली होती. मुलांना आपल्याकडे येऊ द्या, त्यांना अडवू नका, असे प्रभूने शिष्यांना बजावले. मुलांना दटावणारे त्याचे शिष्यच होते, ही गोष्ट आम्ही इतकी वर्षे वाचून पुढे जात होतो.

आम्ही त्या मुलाची माफी मागितली. तो दाराआडून ऐकत होता. काही बोलला नाही.

पुढे आमचे स्वतःचे मशीन घ्यायचे ठरले. बेळगावला जाऊन तीन प्रकार पाहिले. पेट्रोलचे मोठ्या मैदानाला ठीक. दोन गुंठ्यांना ते जड, आवाजाचे आणि खर्चिक. विजेचे हलके, पण वायर पात्याखाली येण्याची भीती आणि पावसाळ्यात ओल्या गवतावर धोका. तिसरे हाताने ढकलायचे, आडव्या नळकांड्यावर पाती बसवलेले. इंग्लंडमधील स्ट्राउड गावाजवळच्या एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये याच प्रकाराचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीच्या यंत्रावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. फिरते पाते गवताला फटका मारून तोडते. हे मशीन खालच्या स्थिर पट्टीवर गवत धरून कात्रीसारखे कापते, म्हणून शेंडा फाटत नाही. पट्टी नीट बसली आहे का हे पाहायला कागदाचा तुकडा आत धरून पाती हाताने हळू फिरवायची, मात्र बोटे लांब ठेवून; कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे.

आम्ही तेच घेतले. त्याचा एक दोष आहे. गवत उंच वाढले की ते त्यावरून नुसते सरकते, म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून एकदोनदा तरी फिरवावेच लागते. एखादा आठवडा चुकला की आधी मामांचा विळा, मग मशीन. उंची आम्ही दीड इंचावर ठेवली आहे, आणि बारीक कापलेले गवत तिथेच पसरू देतो. ते कुजून मातीला परत मिळते.

जुलैमध्ये, जमीन ओली असताना, पारईने घट्ट मातीत भोके पाडली. त्यांत कुजलेले शेणखत आणि वाळू भरली. लूकच्या शुभवर्तमानातला तो माळी आठवतो ना? फळ न देणारे अंजिराचे झाड तोडू नका, आणखी एक वर्ष द्या, मी भोवती खणतो, खत घालतो, असे तो मालकाला विनवतो. आम्ही तो दाखला अनेकदा शिकवला, पण त्यासाठी हात मातीत घातले नव्हते.

हरळीचे तुकडे वीतभर अंतरावर लावायला वर्गातली सगळी मुले आली. तोही आला. दोरी कुठे आहे असे त्याने विचारले. सोडली, असे आम्ही सांगितले. मग तो गुडघ्यांवर बसला आणि मामांच्या शेजारी मुकाट्याने लावणी करू लागला.

आगमनकाळापर्यंत उंचवटा भरून आला. वाटेच्या कडा भरल्या. मधल्या वाटेवर आम्ही शहाबादी फरश्या टाकल्या, कारण मुले तिथूनच येणार आणि त्यांनी यावे हीच आपली इच्छा. आंब्याखाली हिरवळीचा हट्ट सोडून बाक ठेवले. उन्हाळ्यात वर्ग आता तिथेच भरेल.

बहात्तराव्या स्तोत्रात धार्मिक राजाचे येणे कापलेल्या गवतावर पडणाऱ्या पावसासारखे म्हटले आहे. कापलेल्या गवताला पावसाची गरज सगळ्यात जास्त असते, हे आम्हाला आता कळते. तुमच्या घरात, वर्गात, वाड्यात कुणी आपल्या शब्दाने बुडाशी कापले गेले असेल, तर या आठवड्यात त्याच्या दारी जाऊन या.

प्रार्थना करू या: प्रभो, आमच्या हातातले पाते जरा वर ठेव. आमच्या बोलण्याने जे सुकले, त्यावर तुझा पाऊस पाड, आणि तोवर पाणी घालायची आठवण आम्हाला दे. आमेन.