दीड मीटरचे अंतर

“चौकट दिसते रे, पण चौकटीतला माणूस दिसत नाही,” असे म्हणून भाऊंनी कॅमेरा डोळ्यापासून खाली घेतला आणि माझ्या हाती दिला. आम्ही वडिलांना भाऊ म्हणतो. त्यांच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजत चालला असल्याचे डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितले होते. कडेकडेचे दिसते, नेमके समोरचे धुरकट होते. आणि या कॅमेऱ्यात ज्याच्या आधाराने फोकस साधायचा तो पिवळसर ठिपका चौकटीच्या अगदी मध्यभागी असतो.

कॅमेरा कॅननेट क्यूएल-१७ जातीचा, १९७२ साली बाजारात आलेल्या तिसऱ्या आवृत्तीचा. भाऊंनी तो १९७५ मध्ये, लग्नाच्या वर्षी, ओळखीच्या माणसाकरवी मुंबईहून आणवला. अंगाने लहान; लेन्स ४० मिलिमीटरची, न निघणारी. नगरच्या कापड बाजारातल्या आमच्या दुकानात गल्ल्याशेजारच्या खणात तो पन्नास वर्षे राहिला. घरातील बहुतेक लग्ने, बारशी, दिवाळीचे वहीपूजन त्यातूनच टिपलेले आहे. मला मात्र त्याला हात लावण्याची परवानगी नव्हती आणि पुढे मोबाइल आल्यावर इच्छाही उरली नव्हती. पन्नाशी उलटल्यावर त्या लेन्सपुढे मी नवशिका उमेदवार झालो.

पहिला रोल मी निम्मा झाकणासकट काढला. मोबाइलमध्ये किंवा मोठ्या एसएलआर कॅमेऱ्यात आपण लेन्समधूनच पाहतो, त्यामुळे झाकण राहिले तर समोर अंधार दिसतो. इथे पाहण्याची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. खिडकीतून सर्व जग लख्ख दिसत होते. फिल्मवर मात्र काही उमटत नव्हते. पुण्याहून धुऊन आलेला रोल पाहून भाऊ इतके हसले की बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. उरलेल्या निम्म्या रोलमध्ये चार ठिकाणी माझे बोट होते.

या कॅमेऱ्यात दोन खिडक्यांतून येणारी दोन दृश्ये एकमेकांवर पडतात. वस्तूचे अंतर आणि लेन्सचे अंतर जुळत नसेल तर ठिपक्यात वस्तूची दोन रूपे दिसतात. लेन्सची कडी फिरवत गेले की ती सरकत सरकत एक होतात. जुळी एक झाली की फोकस लागला. तत्त्व जुने, तोफखान्याचे. आपल्याच शहरातल्या रणगाडा संग्रहालयात पॅटन रणगाड्याच्या बुरुजावर दोन बाजूंना जे फुगवटे दिसतात, ते अशाच दूरीमापकासाठी. लायकाने १९३२ मध्ये हा दूरीमापक लेन्सच्या कडीला जोडला. मारण्यासाठी मोजायचे अंतर माणसाच्या चेहऱ्यापर्यंत मोजायला वापरता आले, हे मला बरे वाटते.

दुकानात मात्र हे जुळवणे काही केल्या साधेना. फळ्यांवर रचलेल्या थानांकडे कॅमेरा रोखावा, कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावी, तरी ठिपक्यात फरकच दिसू नये. यंत्र बिघडले असे मी ठरवूनही टाकले. भाऊंनी विचारले, “कशावर धरतोस?” थानांवर, म्हटले. “थानं आडवी आहेत. ही दोन चित्रं डावी-उजवी सरकतात, मग आडव्या रेघेत तुला काय कळणार? उभी रेघ शोध. पदराचा काठ, दाराची चौकट, चष्म्याच्या भिंगाची कड.” त्यांनी हे कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते. त्याच दुकानात त्यांनीही बहुधा तशीच आडव्या थानांशी झटापट केली असावी. काउंटरच्या कडेला उभी लटकणारी पैठणी दिसताच दोन काठ जवळ आले आणि एक झाले. त्या दिवशी मी गिऱ्हाइके सोडून तासभर काठच जुळवत बसलो होतो.

प्रकाशमापकाची गोष्ट वेगळी. त्याला १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागते आणि ती आता बनत नाही. त्यामुळे सर्व हातानेच ठरवावे लागते. कडक ऊन, ४०० आयएसओची फिल्म, तर शटर पाचशेवर आणि अपर्चर सोळावर, हा जुना हिशेब घेऊन मी एका रविवारी चांदबिबीच्या महालावर गेलो. (लोक महाल म्हणतात, ती सलाबतखानाची कबर आहे.) त्या अष्टकोनी इमारतीच्या कमानींना उभ्या कडा भरपूर. अपर्चर आठवर आणि लेन्स तीन मीटरवर ठेवली की साधारण दोन मीटरपासून पाच मीटरपर्यंतचे सारे रेखीव येते, ठिपका पाहण्याचीही गरज राहत नाही, हे मला तिथे पटले.

पण खरी ओळख लेन्सच्या खालच्या खुंटीने करून दिली. कडीला बोटाने ढकलण्यासाठी एक लहान खुंटी आहे. अनंतापासून तीन मीटरपर्यंत यायला तिच्या एकूण प्रवासाचा जेमतेम चौथा हिस्सा लागतो. उरलेला तीन चतुर्थांश प्रवास तीन मीटरपासून ऐंशी सेंटिमीटरपर्यंतचा. डोंगर, क्षितिज आणि रस्त्यापलीकडचे दुकान हे सगळे एका किंचित हालचालीत उरकते. समोर बसलेल्या माणसासाठी मात्र बोटाला सावकाश जावे लागते. खुंटी प्रवासाच्या मध्यावर आली की अंतर दीड मीटरच्या जरा पुढे असते.

“म्हणजे गादीपासून गिऱ्हाइकाचं तोंड,” भाऊ म्हणाले. त्यांनी कॅमेरा घेतला, खुंटी अंगठ्याने शेवटपर्यंत नेली, मागे आणली, थांबवली. मी आकडा पाहिला: दीडच्या जवळ. मग एक मीटर, मग दोन. एकदाही वीतभरापेक्षा जास्त चुकले नाहीत. साठ वर्षे कापड मोजलेला हात तो. नाकापासून ताणलेल्या बोटापर्यंत एक वार, हे माप त्यांच्या वडिलांनी त्यांना दिले होते. १९५६ च्या कायद्यानंतर मीटर आला तेव्हा ते त्यांनी बोटभर वाढवून घेतले इतकेच.

मग मीच म्हणालो, “भाऊ, तुम्ही माझा काढा.”

त्यांनी आधी नकार दिला. दुपारची वेळ होती, दारातून उजेड येत होता. मी अपर्चर २.८ आणि शटर साठवर लावून दिले. या अपर्चरला दीड मीटरवर रेखीवपणा पाऊण हाताचाही नाही, वीतभरच मिळतो, तेव्हा फोटो हुकणार हे मी मनाशी धरून चाललो होतो. ते गादीवर बसले. मी समोर.

“बोलत राहा,” ते म्हणाले.

“काय बोलू?”

“काहीही. आज किती विक्री झाली ते सांग.”

मी सांगू लागलो. त्यांनी खुंटी जरा पुढे नेली, जरा मागे घेतली. “पुढे वाकलास. मागे हो.” मी मागे झालो. शटरचा आवाज इतका हलका की फोटो निघाला हे मला उशिरा कळले.

रोल पंधरा दिवसांनी आला. त्या फोटोत माझ्या चष्म्याची कड आणि पापण्यांचे केस रेखीव आहेत. कानामागचे सारे मऊ होत गेले आहे. मी काढलेल्या पस्तीस फोटोंत इतका नेमका एकही नाही. बाईंनी तो आधी पाहिला आणि न बोलता भाऊंच्या हाती दिला. त्यांनी तो चेहऱ्याजवळ, थोडा तिरका धरला आणि मान वळवून कडेच्या नजरेने बराच वेळ पाहत राहिले.

“गल्ल्यावरचं कॅलेंडर वाकडं लागलंय,” ते म्हणाले. “सरळ कर ते.”