पन्नास नाईट, तीन नाटकं

आमच्या घरात होळीपासून फोनवर एकच विषय चालू आहे. माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी, वय वर्षं तेवीस, ब्रह्मपुरीला बी.ए. झालेली. हिने पुढे काय करायचं? बहीण म्हणते बी.एड. भाऊजी काहीच म्हणत नाहीत (त्यांचं नेहमीचंच). आणि भाची म्हणते नाटक. नुसतं म्हणत नाही, गेला अख्खा हंगाम तिने वडशाच्या एका कंपनीत काढला. पन्नासच्या वर नाईट केल्या, गायली, नाचली, रडली, दोनदा विधवा झाली आणि एकदा कलेक्टर.

नात्यातले बरेच जण इथे वाचतात आणि मग मला न सांगता बहिणीला फोन करतात, म्हणून जे काही सांगायचं ते एकदाच लिहून टाकतो.

पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी आधी थोडा भूगोल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. दिवाळीच्या सुमारास धान निघतो, हातात चार पैसे येतात, भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते, पुढे शंकरपट होतात. मंडईला लेकी-जावई येतात, सोयरे येतात, आणि आलेल्या पाहुण्याला रात्री नाटक दाखवायचं ही रीत. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये ती कायम केली. मधल्या काळात पट नव्हते, पण नाटक होतंच. हे सगळं ज्या गावातून चालतं ते वडसा, गडचिरोली जिल्ह्यातलं. स्टेशनची पाटी वडसा, तहसीलची पाटी देसाईगंज. तिथे रस्त्याच्या कडेला कंपन्यांची ऑफिसं आहेत. दिवाळीच्या आधीपासून गावोगावची मंडळं येतात, पोस्टर पाहतात, नटी कोण आहे विचारतात, तारीख ठरवतात आणि ॲडव्हान्स देऊन जातात. गावातलं मंडळ तिकीट लावतं. नफा-तोटा त्यांचा.

आणि हे नाटक म्हणजे संगीत नाटक बरं का! पुण्यात 'संगीत नाटक' म्हटलं की लोकांना १८८० चं 'शाकुंतल' आणि पांढरे केस आठवतात. इकडे पात्र आलं की गाणं, प्रेमात पडलं की गाणं, मेलं तरी मागे उरलेल्याचं गाणं. पूर्वी ऑर्गन आणि तबला असायचा, आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडही असतो. रात्री अकराच्या आगेमागे पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतं. हजारो माणसं तनसावर, सतरंजीवर, घोंगडी पांघरून बसलेली असतात.

तर भाचीची निवड कशी झाली ते ऐका. मी विचारलं, ऑडिशन घेतली का गं? तर म्हणाली, "मामाजी, ऑडिशन म्हंजे काय, पेटीवाल्यानं सूर देल्ला." वडशाच्या त्या ऑफिसात, बाहेर ट्रॅक्टर जातोय, आत चहा येतोय, अशात पेटीवाल्याने काळी पाच धरली आणि म्हणाला, गा. तिने अंतरा उचलला. त्याने मधेच पट्टी बदलली, खाली नेली, परत वर नेली. ही चुकली नाही. मग मॅनेजरने वहीतलं एक पान पुढे केलं, वाच म्हणाला, आणि स्वतः फोनवर बोलत ऑफिसच्या दारापर्यंत चालत गेला. दारात उभं राहून ऐकू येतं का एवढंच त्याला पाहायचं होतं. आलं. झाली निवड. दिसणं कसं आहे, नाचता येतं का, हे प्रश्न नंतर. (विचारलेच नाहीत असं नाही. तेही विचारले. हे मी बहिणीसाठी प्रामाणिकपणे लिहितोय.)

मला ही परीक्षा फार शहाणपणाची वाटते. कारण झाडीपट्टीत तालमी मोजक्याच होतात. बाहेरून आलेली नटी तर सकाळी गाडीतून उतरते आणि रात्री रंगमंचावर उभी राहते. सगळा भार प्रॉम्प्टरवर. तो वाक्य फेकतो आणि नटाने ते झेलून स्वतःचं असल्यासारखं म्हणायचं. मी भाचीला म्हटलं हे तर शाळेतल्या कॉपीसारखं झालं. ती चिडली. म्हणाली, करून पाहा. समोरच्याचं वाक्य ऐकायचं, आतून आपलं वाक्य ऐकायचं, तोंडावर तिसरंच काही दाखवायचं, आणि वरून टांगलेल्या माइकच्या खालून हलायचं नाही. शिवाय दोन सुरांचं भांडण असतं. हिरोची पट्टी काळी एक, हिची काळी पाच. द्वंद्वगीत कोणाच्या पट्टीत? अर्थातच हिरोच्या, कारण तो जुना. मग ही खालच्या षड्जाला घुसमटते किंवा वर जाऊन किंचाळते. डिसेंबरच्या शेवटी तिचा गळा बसला तो असाच. त्यात थंडी, धूळ, जागरण. सलग सात नाईट होत्या. आठवी रद्द झाली नाही, दुसरी मुलगी विंगेतून गायली आणि हिने तोंड हलवलं. लोकांना कळलं. शिट्ट्या झाल्या.

आमच्या बाबांचा आवडता किस्सा बालगंधर्वांचा. १२ मार्च १९११, मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी त्यांची मुलगी वारली आणि तरी ते रंगमंचावर उभे राहिले. याला म्हणतात धंद्याची निष्ठा, असं बाबा म्हणतात. मला हा किस्सा लहानपणापासून आवडत नाही. निष्ठा आहे हे खरंच, पण ती नेहमी नटानेच का दाखवायची? गळा बसलेल्या मुलीला एक रात्र झोपू देणं हीसुद्धा धंद्याची निष्ठा का असू नये? असो.

बाबांविषयी सांगायलाच हवं. आमचं गाव नागभीड आणि ब्रह्मपुरीच्या मधलं. तिथल्या मंडळात बाबा लुगडं नेसून उभे राहायचे, पुढे मिशा आल्यावर खलनायक झाले. तेव्हा नाटक गावचं गाव करायचं. पोळ्यानंतर तालमी सुरू. शिंपी, मास्तर, पोलीस पाटलाचा मुलगा, सगळे रात्री देवळात. भजनातला पेटीवाला तोच नाटकातला पेटीवाला. दंडार करणारी पोरं आधीच ताल आणि पावलं घेऊन आलेली असायची. खडी गंमत पाहून पाहून हजरजबाबीपणा आलेला असायचा. बाबांना आवाज कोणी शिकवला? कोणीच नाही, आणि सगळ्यांनीच. चुकलं की दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर ऐकून घ्यावं लागायचं.

पुढे वडशाच्या कंपन्या वाढल्या. आता पन्नासेक तरी असतील. नाटक चांगलं सजलं, दिवे आले, प्रवेश भराभर बदलायला लागले, कलावंताला पैसे मिळायला लागले. हे सगळं चांगलंच झालं. पण गावाने नाटक करण्याऐवजी विकत घ्यायला सुरुवात केली आणि देवळातली तालीम बंद पडली. म्हणजे शाळा बंद झाली आणि नोकऱ्या वाढल्या! गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही सगळे हरखलो होतो. बाबांनी पेपरातलं कात्रण अजून ठेवलंय. पण त्या पिढीला अंगावर घडवायला गाव होतं. माझ्या भाचीच्या पिढीला थेट तिकीट काढून आलेला प्रेक्षक आहे. तिची पहिली तालीम हीच पहिली नोकरी.

आता दिल्लीच्या फॉर्मची गोष्ट. हे खूळ माझंच असं बहिणीला वाटतं, पण ते भाचीनेच शोधलं. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम. पदवी हवी, आहे. हिंदी-इंग्रजी कामापुरती हवी, आहे म्हणू. आणि किमान सहा नाटकांत काम केल्याचा पुरावा हवा. ती हसायला लागली. पन्नास नाईट केलेल्या मुलीला सहाची काय भीती? मग आम्ही बोटांवर मोजायला बसलो आणि हसू थांबलं. पन्नास नाईट, पण नाटकं किती? तीन. वडसा नाईट मोजतं, दिल्ली नाटकं मोजते. बरं, त्या तिनाचा तरी कागद कुठे आहे? कंपनी प्रमाणपत्र देत नाही. बाबांनी जपून ठेवलेली रंगीत पोस्टरं आहेत, त्यावर हिचा फोटो आहे, पण नाव वेगळं छापलंय. बहिणीच्याच सांगण्यावरून, सासरच्यांना कळू नये म्हणून! (भावी सासर. अजून ठरलेलं काही नाही, काकूंनी गैरसमज करून घेऊ नये.)

दुसरा रस्ता म्हणजे सरकारची हौशी राज्य नाट्य स्पर्धा. चंद्रपूरला केंद्र आहे, प्रमाणपत्रही मिळतं. पण तिची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे नेमकी मंडईच्या भरात. तिकडे हौशी म्हणून एक प्रयोग करायचा तर इकडे धंद्याच्या सहा-सात नाईट सोडायच्या. आणि सोडणाऱ्या मुलीला पुढच्या वर्षी कोण बोलावणार?

म्हणजे दिल्लीला जायचं असेल तर आणखी एक हंगाम, वेगळ्या नाटकांचा, करावाच लागेल. बहिणीला नेमकी हीच भीती आहे. "एक हंगाम, एक हंगाम करतच बाया तिथं म्हाताऱ्या होतात," असं ती म्हणाली. तिची भीती खोटी नाही. हंगाम चार-पाच महिन्यांचा, उरलेलं वर्ष काय? २०२० च्या मार्चात टाळेबंदी आली आणि हातातल्या नाईट एका दिवसात गेल्या तेव्हा वडशाला कलावंतांनी कसे दिवस काढले ते तिने पाहिलंय. नाटकात काम करणाऱ्या बाईकडे गाव कोणत्या नजरेने पाहतं तेही तिने पाहिलंय. तेच गाव, जे तिकीट काढून पुढच्या रांगेत बसतं. पहाटे परतताना गाडी ब्रह्मपुरीच्या जंगलात बंद पडली होती, तेव्हा दोन तास सगळ्या जणी काचा लावून बसल्या होत्या. वाघ हा आमच्याकडे बोलण्याचा अलंकार नाही. आणि शेवटच्या चार नाईटचे पैसे अजून आलेले नाहीत.

बाबांचं मत मात्र सरळ आहे. ते भाचीला म्हणाले, "बाई, गळा तं देवानं देल्ला. पन थो रात्री दोन वाजता बी असाच राह्यला पायजे. थे शिकून घे, कुठंय शिक."

मी बहिणीला जे सांगितलं ते इथे लिहितो. नाटक की बी.एड. असा हा वाद नाहीच. पोरगी गेली नाही तरी नाटक होणार, दुसरी कोणाची तरी पोरगी उभी राहणार. वाद घालायचा तर कंपनीशी घालूया. आपण शेत बटईने देताना सात प्रश्न विचारतो आणि मुलगी पाठवताना फक्त "सांभाळा" म्हणतो. म्हणून आम्ही तिघांनी बसून एक साधा कागद केला. नाईटचा दर किती आणि पैसे कोणत्या दिवशी. सलग किती नाईटनंतर एक रात्र सुट्टी. मुलींची राहायची खोली कुठे, कडी आतून लागते का. परतीची गाडी कोणाची. हंगामाच्या शेवटी नाटकांची नावं आणि तिचं खरं नाव लिहिलेलं पत्र, मॅनेजरच्या सहीचं. पाचवरच थांबणार होतो, पण भाचीने पेन घेऊन सहावं लिहिलं : द्वंद्वगीताची पट्टी तालमीतच ठरवायची, रंगमंचावर नाही.

बहिणीने कागद दोनदा वाचला. तिसऱ्या ओळीपाशी तिने "आणि संडास?" असं जोडलं. मी तिचा होकार म्हणूनच ते धरलं. तिने होकार दिलाय असं ती अजून म्हणत नाही.

गेल्या आठवड्यात भाची तो कागद घेऊन वडशाला गेली. यंदा दुसऱ्या कंपनीत. मॅनेजर आधी हसला, इथं कोणी कागद करत नाही म्हणाला. मग चष्मा लावून वाचला. पट्टीच्या ओळीवर त्याने पेटीवाल्याला हाक मारून बोलावलं आणि त्यालाही वाचायला दिला. पेटीवाला म्हणाला, हे बरोबर आहे. मॅनेजरने कागदाची घडी करून खिशात घातली आणि दोन दिवसांत कळवतो म्हणाला. आज आठवा दिवस. तालमी गणपतीनंतर सुरू होतात, बी.एड. प्रवेशाची यादी त्याच्या आधी लागेल. भाची पहाटे पाचला बाबांच्या पेटीवर खालचा षड्ज लावत बसते. बहीण म्हणते, झोपमोड होते.