सुट्या पैशांतील संग्रह

नाणी जमविणे हा धनिकांचा छंद, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या अलिबागेच्या घरातील मुलांचा संग्रह मात्र बाजारातून आलेल्या मोडीवरच उभा आहे. सालाखालची खूण तेवढी पाहावयाची: हिरा मुंबईच्या टांकसाळीचा, तारा हैदराबादचा, टिंब नोएडाचे, खूणच नसेल, तर नाणे कलकत्त्याचे. २०११ साली चार आणे चलनातून गेले. ते आता आजीच्या डब्यातच सापडतात. आमच्याच जिल्ह्यातील रायगडावर १६७४ मध्ये राज्याभिषेकसमयी पाडलेली शिवराई इंग्रजी अमदानीतही बाजारात चालत असे. हातोहात फिरली म्हणूनच ती टिकली. हल्ली भाजीवालीही पैसे मोबाईलवर घेते. मोड घरी येणार कोठून? म्हणून आमची धाकटी मुद्दाम शंभराची नोट घेऊन बाजारास जाते.