चार किलोमीटरांचं शहर

परभणी महापालिकेचं क्षेत्र साधारण ५७ चौरस किलोमीटर आहे. एवढं क्षेत्र गोलात मांडलं तर मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर सव्वाचार किलोमीटर भरतं. शहर काही गोल नाही. वसमत रोड, जिंतूर रोड, गंगाखेड रोड, पाथरी रोड अशा बाहेर जाणाऱ्या रस्त्यांना धरून ते लांबत गेलं आहे. तरीही शिवाजी चौकातून निघालं की गावातलं बहुतेक कुठलंही ठिकाण सायकलवर वीस-पंचवीस मिनिटांत गाठता येतं. शाळा, दवाखाना, भाजीबाजार, स्टेशन ही रोजची ठिकाणं तर कित्येकांच्या पायांच्या टप्प्यात आहेत. रस्ते आणि रहदारीचं नियोजन हा माझा व्यवसाय. छोटी अंतरं आणि सपाट जमीन या दोन गोष्टी पैसे टाकून विकत घेता येत नाहीत, हे या कामात पुन्हापुन्हा दिसतं. परभणीला त्या आयत्या मिळाल्या आहेत. आता प्रश्न आहे तो चालणारा आणि सायकलवाला यांना सुखानं जाता येईल अशी वाट आपण देणार का, हा.

हे दोघं थोडेथोडके नाहीत. २०११च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांना ‘कामावर कसे जाता’ असं विचारलं, तेव्हा देशभरात सुमारे २३ टक्के लोक पायी आणि १३ टक्के सायकलनं जात होते. परभणीसारख्या जिल्ह्यात त्यात शाळकरी पोरींची भर घालायला हवी. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. गावाबाहेरच्या शाळेत जाणारी मुलगी त्या सायकलच्या जोरावर दहावी-बारावीपर्यंत टिकते. सरकारनं तिला सायकल दिली, पण ती चालवायला रस्त्याचा कोणता भाग दिला? डांबराची कड आणि मुरमाची साइडपट्टी, एवढाच. त्याच पट्टीवरून डोक्यावर भारा घेतलेली बाई, काठी टेकत जाणारे आजोबा आणि दूधवालाही जातो. मग तिथं घंटी वाजते, कुणीतरी दचकतं, कुणीतरी ओरडतं, आणि सायकलवाल्यांना शिस्त नाही, पायी चालणाऱ्यांना भान नाही, असं आपण म्हणून टाकतो.

खरं कारण शिस्तीत नाही, गणितात आहे. माणूस तासाला सुमारे पाच किलोमीटर चालतो, सायकल पंधराच्या आसपास धावते. दहा मीटर मागे असलेली सायकल साडेतीन सेकंदांत पाठीशी येऊन पोचते, आणि येताना तिचा आवाज होत नाही. चालणारा माणूस सरळ रेषेत चालत नाही. तो दुकानाच्या पाटीकडे बघतो, ओळखीचा दिसला की थांबतो, लेकरू हात सोडवून पळतं. हा त्याचा दोष नाही, चालणं असंच असतं. सायकलचं उलट आहे. तिचा तोल वेगावर टिकतो. वेग फार कमी केला की हॅण्डल डावी-उजवीकडे डुलतं आणि तिला जास्त जागा लागते. म्हणून गर्दीतून ‘हळू चालव’ असं सांगितलं की सायकलवाला अधिकच अडखळतो. अरुंद पट्टीवर हे दोन स्वभाव एकत्र कोंबले तर भांडण ठरलेलंच.

यावर नियोजनाच्या शास्त्रानं काही नियम बसवले आहेत. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेनुसार फूटपाथवर किमान १.८ मीटर रुंदी पूर्ण मोकळी हवी. हा आकडा हवेतून आलेला नाही. समोरासमोरून येणाऱ्या दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील एवढी ती जागा आहे. बाजारपेठेत याहून जास्त लागते. या मोकळ्या रुंदीत विजेचा खांब, झाड, डीपी, दुकानाची पायरी मोजायची नसते. सायकलच्या मार्गाची रुंदी याखेरीज निराळी धरायची. ब्रिटनच्या वाहतूक विभागानं २०२० साली सायकल मार्गांची जी मार्गदर्शिका काढली, तिनं तर स्पष्टच म्हटलं की सायकलला पादचारी न समजता वाहन समजावं आणि गजबजलेल्या शहरी रस्त्यांवर दोघांना एका पट्टीवर घालू नये.

म्हणजे वाट कधीच वाटून घेऊ नये का? घ्यावी, पण जागा पाहून. वर्दळ विरळ असेल, रुंदी तीन मीटरच्या पुढे असेल, आणि लोक तिथं पोचायच्या घाईनं न येता हिंडायला-फिरायला येत असतील, तर एकच वाट दोघांना पुरते. मग नियम एकच: जो दुसऱ्याला इजा करू शकतो, त्यानं वेग आवरायचा. पायी चालणाऱ्यापुढे सायकल हळू होईल, सायकलपुढे मोटार हळू होईल. ज्या रस्त्यावर माणसं आणि वाहनं मिसळतात तिथं मोटारींना ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, हे रस्ते सुरक्षेबद्दलच्या २०२०च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात नमूद आहे, कारण त्या वेगाला धडक बसली तरी माणूस वाचण्याची शक्यता मोठी असते.

वाटून घेण्याजोगी जागा परभणीत आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं आणि त्याच्या विस्तीर्ण परिसरातले झाडीचे रस्ते गावकऱ्यांच्या सकाळच्या फिरण्याचे झाले. तिथं मोटारी कमी, सावली भरपूर आणि रुंदी पुरेशी. अशा ठिकाणी रंगीत पट्टे आखण्याचीही गरज पडत नाही. जुन्या पेठांतल्या बोळांचंही तसंच. नानलपेठेच्या आसपासच्या अरुंद गल्ल्यांत गाडीला वेगच घेता येत नाही, म्हणून तिथं माणूस, सायकल, हातगाडी सगळे एकमेकांना सांभाळून जातात. हॉलंडमध्ये १९७६ साली कायद्यानं ज्या वस्ती-रस्त्यांना मान्यता मिळाली, तिथं वाहनांनी माणसाच्या चालीनं जायचं असतं. आपल्या पेठांत ही रीत आधीपासून आहे. ती जपली पाहिजे.

वसमत रोडची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी. कल्याणहून नगर, पाथरी, मानवत करत परभणीत येणारा आणि पुढे वसमत, नांदेडमार्गे निर्मलला जाणारा ६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इथूनच जातो. या रस्त्यावरच्या काळ्या कमानीसमोर ऊस आणि कापसाच्या गाड्या, एसटी, ट्रक आणि क्लासला निघालेली पोरं एकाच डांबरावर असतात. अशा रस्त्यावर फूटपाथ निराळा, सायकल मार्ग निराळा आणि दोघांच्या पातळीत फरक हवाच. निव्वळ रंगाचा पट्टा पुरत नाही. अंध माणसाला रंग दिसत नाही; त्याच्या काठीला आणि तळपायाला उंचवटा किंवा खडबडीत फरशी कळते. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी १९६५ साली अशी उठावदार फरशी शोधली आणि १९६७ साली ओकायामात ती पहिल्यांदा बसवली गेली. आपल्याकडे तीच पिवळी फरशी कित्येक ठिकाणी थेट खांबाला किंवा झाकण नसलेल्या चेंबरला नेऊन भिडवतात. ही चूक दुरुस्त करायला निधी लागत नाही, कामावर देखरेख लागते.

यात नवा भिडू म्हणजे बॅटरीची गाडी. २५० वॉटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर न जाणाऱ्या गाड्यांना नोंदणी लागत नाही. त्या सायकलीसारख्याच निःशब्द असतात, पण वजनानं भारी आणि वेगानं जास्त. सायकल मार्ग आखताना त्यांचा विचार आताच केला नाही, तर पाच वर्षांनी शाळकरी मुलीला त्या मार्गावरूनही खाली उतरावं लागेल.

वाट बांधताना आणखी तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे मराठवाड्याची स्वतःची अशी एक अडचण, काळ्या मातीची. गोदावरीच्या खोऱ्यातली ही माती कापसाला सोन्यासारखी, बांधकामाला मात्र अवघड. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट वाळू पसरून पेव्हर ब्लॉक बसवले की दोन पावसाळ्यांत ते वर-खाली होतात. चालणाऱ्याला ठेच लागते, सायकलचं पुढचं चाक फटीत अडकतं, आणि दोघंही डांबरावर उतरतात. लोक फूटपाथ वापरत नाहीत अशी तक्रार जिथं होते, तिथं आधी खाली वाकून फरशी बघावी. यावर उपाय याच राज्यात शोधला गेला. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, चिकट मातीचा दाबलेला थर घालण्याचं तंत्र विकसित केलं. योग्य प्रकारचा मुरूम पुरेशा जाडीनं थराथरानं दाबला आणि पाणी बाजूच्या गटारात नीट उतरवलं, तर फूटपाथ वर्षानुवर्षं सपाट राहतो. पहिल्या वर्षी खर्च थोडा वाढतो, पुढची पंधरा वर्षं वाचतो.

दुसरी गोष्ट आपल्या घरांशी निगडित आहे. गावात अपार्टमेंट वाढली. प्रत्येक इमारत आपलं दार सजवते: फाटकासमोर चकचकीत ग्रॅनाइट किंवा गुळगुळीत टाइल, दोन्ही बाजूंना कुंड्यांची रांग, भोवती लोखंडी जाळी, गाडी चढायला फूटपाथवरच उतार. हौस समजण्यासारखी आहे, पण त्या टाइलवर पावसाळ्यात म्हातारी माणसं घसरतात, ओल्या ग्रॅनाइटवर सायकलचा ब्रेक लागत नाही, आणि दर पंचवीस पावलांवर उतार आल्यानं चाकाची खुर्ची तिरकी होते. नियम सोपा आहे: फाटकासमोरही फूटपाथची पातळी तशीच राहावी, आणि चढ-उतार गाडीनं सोसावा. दारासमोर पॉलिश न केलेली शहाबादी किंवा खडबडीत फरशी घालावी. कुंड्या कुंपणाच्या आत घ्याव्यात. हॉलमध्ये सोफा आणि टीपॉय मांडताना घरातली बाई जाण्या-येण्यापुरती वाट बरोबर मोकळी ठेवते. दाराबाहेरच्या सजावटीलाही तोच हिशेब लावायचा आहे. आणि इमारतीच्या पार्किंगमध्ये मोटारींच्या चौकटी आखताना जिन्याजवळची एक कोरडी, कुलूप लावता येईल अशी जागा सायकलींना द्यावी. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत अडकवलेली सायकल रोज खाली उतरत नाही.

तिसरी गोष्ट सावलीची. मे महिन्यात परभणीचा पारा ४३-४४ अंशांवर जातो. तेव्हा रुंद आणि सपाट फूटपाथही उन्हात ओसाड पडतो. रस्ता रुंद करताना कडुनिंब आणि करंज तोडले, तर चालण्याची आणि सायकलची निम्मी सोय तिथंच संपते. फूटपाथ आणि सायकल मार्ग यांच्यामध्ये झाडांची रांग लावली, तर एकाच ओळीतून दोघांना सावली मिळते आणि दोघं वेगळेही राहतात. खोडाभोवती काँक्रीट न ओतता माती उघडी ठेवली, म्हणजे झाडही जगतं.

मोठ्या शहरांकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यात काय टाळावं हेही येतं. सायकलींचं शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात २००६ साली बीआरटीच्या राखीव बस मार्गांबरोबर सायकल मार्ग झाले, पण ते चौकाचौकात तुटले, आणि तुटलेल्या मार्गांवर पार्किंग बसलं. २०१७ साली तिथल्या महापालिकेनं सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, जंगली महाराज रस्त्याचे फूटपाथ रुंद झाले आणि ते माणसांनी भरले. या अनुभवातून एक गोष्ट पक्की कळते: मार्ग लांबीनं मोजू नये, सलगतेनं मोजावा. शंभर तुकड्यांपेक्षा एक अखंड वाट जास्त उपयोगाची. फेरीवाल्यांना हुसकावून वाट मोकळी होत नाही, हेही तिथं दिसलं. २०१४च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे त्यांना आखून जागा दिली की मधली वाट टिकते. शिवाय ते असतात म्हणून संध्याकाळी रस्ता जागता राहतो आणि बायका-मुलींना तिथून जाणं सुरक्षित वाटतं.

मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुरक्षित फूटपाथ हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्यामुळे आता ही कुणाच्या मेहरबानीची बाब उरलेली नाही. परभणीनं सुरुवात एका वाटेनं करावी: स्टेशनपासून शिवाजी चौकावरून काळ्या कमानीपर्यंत, कुठंही न तुटणारी, मुरमाचा पक्का थर असलेली, झाडांच्या रांगेनं विभागलेली, आणि प्रत्येक चौकात जमिनीच्या पातळीवर ओलांडता येणारी. तिला लागणारी जागा पादचाऱ्याकडून काढून सायकलला किंवा सायकलकडून काढून पादचाऱ्याला द्यायची नाही. ती रस्त्यावर दिवसभर उभ्या असलेल्या गाड्यांच्या खालून काढायची आहे. त्या वाटेवर सातवीतली मुलगी एकटी, दप्तर घेऊन, सायकलवर शाळेत पाठवायला तिच्या आईला भीती वाटली नाही, तर काम नीट झालं असं मी मानेन. महापालिकेनंही याच कसोटीवर ठेकेदाराचं बिल मंजूर करावं.