मुलाची मुंबई

शेतकऱ्यांना ठिबकाचे पाणी मोजून द्या असे सांगणारा मी; मुलाचा खर्च मात्र संशयानेच मोजत होतो. तो शिकतो अंधेरीला, राहतो घाटकोपरला. एका शनिवारी न कळवता गेलो. स्वारी रात्री साडेबाराला उगवली, खाऊगल्लीत मित्रांबरोबर डोसा खाऊन! मी रागाने गप्प.

रविवारी त्याने मला लोकलने भायखळ्याला नेले. तेथले संग्रहालय १८७२ साली खुले झाले. १९७५ पासून त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. नाना धंद्यांतल्या माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्तींपुढे तो म्हणाला, "अप्पा, गावची आठवण आली की येतो इथे."

बोलायचे ठरवलेले घशातच राहिले. पोराला हिशेब जरूर विचारावा. पण आधी एक दिवस त्याच्याबरोबर हिंडावे.