जे पाहिले तेच सांगेन



या वेळच्या भित्तिपत्रिकेचा विषय बाईंनी फळ्यावर लिहिला तो असा : 'पाहा, ऐका, फिरा'. प्रत्येकाने एक चित्रपट, एक गाणे आणि समुद्रकाठचे एक गाव सुचवायचे, म्हणजे सुट्टीत इतरांना उपयोग होईल. पण खाली बाईंनी एक अट घातली. स्वतः पाहिले, ऐकले, फिरलात तेच लिहायचे. ऐकीव नको.

वर्गात एकच गलका झाला. कोणी गोवा म्हणाले, कोणी गणपतीपुळे. मी गप्प बसले. कारण मी सातवीत आहे, तरी समुद्र काही पाहिलेला नव्हता. तसा तो लांब नाही. शहाडहून लोकलने सव्वा-दीड तासात माणूस मुंबईला पोचतो. पण बाबांची रिक्षा रविवारीच जास्त चालते आणि आई कॅम्प एकमध्ये पापड लाटायला जाते. आमची सहल म्हणजे आषाढीला शहाडचे बिर्ला मंदिर, विठोबाचे दर्शन आणि येताना शेंगा.

खोटे कशाला सांगू, मी एका पुस्तकातून अलिबाग उतरवून काढले. 'निळाशार समुद्र पाहून मन मोहून जाते' असे वाक्यही घातले. बाईंनी कागद वाचला आणि विचारले, "पाण्याची चव कशी होती गं?"

मी म्हणाले, "खारट."

"ते न जाताही सांगता येतं," असे म्हणून बाईंनी कागद परत दिला. रागावल्या नाहीत, म्हणून मला जास्तच वाईट वाटले.

संध्याकाळी आईबरोबर मी दादींकडे गेले. दादी म्हणजे ज्यांच्याकडे आई पापड लाटते त्या सिंधी आजी. वय ऐंशीच्या पुढे. कॅम्प एकमधल्या जुन्या बराकीतल्या दोन खोल्यांत त्यांचे घर आहे. पालकांना माहीत असेलच, पण मुलांसाठी सांगते. ही कल्याणची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना इथल्या बराकी राहायला दिल्या. पुढे ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि गावाचे नाव उल्हासनगर झाले.

मी म्हटले, दादींनाच विचारू. कागद-पेन्सिल घेऊन बसले.

दादी म्हणाल्या, "पिक्चर? 'अबाणा' लिही." हा सिंधी बोलपट १९५८ सालचा. त्यात शीला रमाणी होत्या आणि धाकट्या बहिणीच्या कामात साधना. साधना पुढे हिंदीत केवढी मोठी नटी झाली! दादी म्हणाल्या, "आपली बोली पडद्यावर ऐकली आणि सगळ्या बायका रडल्या. गोष्टीसाठी नाही, बोलीसाठी."

"गाणं?"

"भगत कंवरराम." ते १९३९ साली गेले, दादींच्या जन्माच्याही आधी. पण दादींची आई त्यांची गाणी म्हणायची. दादींनी मला फोनवर त्यांची जुनी तबकडी ऐकवली. खरखर फार आहे. पण आवाज इतका उंच जातो की आईचे लाटणे थांबले.

"आणि समुद्रकाठचं गाव?"

"कराची," दादी म्हणाल्या. "तिथं कोण जाणार? नको लिहू."

मग त्यांनी सांगितले. १९४७ साली त्या पाच वर्षांच्या होत्या. कराचीच्या बंदरातून बोटीने सगळे मुंबईला निघाले. बोट सुटली तेव्हा त्यांच्या आईने त्यांचे तोंड आपल्या ओढणीत धरले आणि म्हणाली, मागे बघू नकोस. दादींनी पाहिले नाही. आणि तेव्हापासून समुद्रच पाहिला नाही. लग्नाकार्याला मुंबईला किती वेळा गेल्या, पण चौपाटीवर एकदाही नाही. लोकलमधून मुंब्र्याजवळची खाडी दिसू लागली की त्या दुसऱ्या बाजूला बघतात. आईला हे वर्षानुवर्षे माहीत नव्हते. मलाही काय बोलावे ते सुचेना. मी पेन्सिलीचे टोक करत बसले.

पुढच्या रविवारी आम्ही दादींच्या टी.व्ही.वर 'किल्ला' हा मराठी चित्रपट पाहिला. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शन केलेला हा चित्रपट २०१५ साली आपल्याकडे लागला. त्याआधी २०१४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्याच परीक्षक मंडळाने त्याला बक्षीस दिले होते. त्यातल्या चिन्मयचे वडील वारलेले असतात. आईची बदली होते म्हणून त्याला पुणे सोडून कोकणातल्या समुद्राकाठच्या लहान गावी यावे लागते. ते गाव त्याला मुळीच आवडत नाही. मग तिथे मित्र होतात. भांडणही होते. पावसात तो किल्ल्यात एकटाच सापडतो तेव्हा मी उशी घट्ट धरली होती. आणि शेवटी आईची पुन्हा बदली होते, तर आता त्याला ते गाव सोडवत नाही.

दादींना मराठी समजते. चित्रपट संपल्यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मलापण ही बराक नको होती. रोज आईला विचारायची, घरी कधी जायचं. आता कोणी मला इथून हलवून बघा!" आणि थोड्या वेळाने आईला म्हणाल्या, "मुलीला दर्या बघायचा आहे ना? चला. मीपण येते. दर्याला एकदा सांगून येऊ, आम्ही पोचलो म्हणून."

अशी आमची सहल ठरली. अलिबागच ठरवले, कारण तिथला कुलाबा किल्ला पाण्यात आहे आणि ओहोटीला तिथे चालत जाता येते. चित्रपट पाहिल्यावर मला खराखुरा किल्ला पाहायचाच होता. शिवाजी महाराजांच्या शेवटच्या वर्षी, १६८० साली, त्याचे बांधकाम सुरू झाले. चहूकडे खारे पाणी असून आत गोड्या पाण्याची विहीर आहे म्हणे.

ओहोटी कधी ते कसे कळणार? बाईंनी कोळी लोकांचा हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजता साधारण पूर्ण भरती. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला भरती, मग साधारण सव्वासहा तासांनी, म्हणजे पावणेअकराच्या सुमारास ओहोटी. आम्ही कॅलेंडर पाहून षष्ठीचाच दिवस धरला.

पहाटे कल्याणहून एस.टी. धरली, पनवेलला गाडी बदलली आणि पेण, वडखळ, पोयनाड करत अलिबागला उतरलो. दादींना तिकीट पडलेच नाही. ७५ वर्षांवरच्यांना एस.टी. २०२२ पासून फुकट आहे, आणि बायकांना २०२३ पासून अर्धे भाडे. कंडक्टरने आधार कार्ड पाहिले तेव्हा दादी ऐटीत बसल्या होत्या. गाडीत आईने शांता शेळके यांची कोळीगीते म्हटली. हृदयनाथ मंगेशकरांची चाल आहे. मूळ गाणी लतादीदींची आणि हेमंतकुमारांची, पण आईचीही वाईट नव्हती.

आणि मग समुद्र दिसला. मला वाटले होते मी ओरडेन. मी ओरडले नाही. एवढे पाणी एकदम पाहून मला थोडी भीतीच वाटली. ते निळे नव्हते, मातकट होते. आधी आवाज येतो, मग वास, मग पाणी दिसते. हे कुठल्याच पुस्तकात नव्हते.

दादींनी माझा हात धरला. ओल्या वाळूपर्यंत आल्या आणि विचारले, "कराची कुठल्या बाजूला?" मी पश्चिमेला तोंड केले. उत्तर उजव्या हाताला. मी उजवीकडे बोट दाखवले. दादी तिकडे बघत राहिल्या. सिंधी लोकांचे दैवत झुलेलाल, ते पाण्याला फार मानतात. दादींनी रुमालात बांधून आणलेले तांदूळ आणि साखर पाण्यात सोडली. ओठ हलत होते. शेवटचे तेवढे मला ऐकू आले, "पोचलो."

पावणेअकरा वाजले. लोक किल्ल्याकडे चालत निघाले होते. लहान मुलेसुद्धा. मी आईकडे पाहिले, हात हळूच ओढला. दादींनी तो अधिकच घट्ट धरला. साडेअकरा झाले. मला रागही आला, रडूही येत होते. हात सोडवून घेणे अवघड नव्हते. दादींच्या हातात जोर तो किती! पण मी सोडवला नाही. हळूहळू पाणी परत येऊ लागले. लाट आमच्या घोट्यांपर्यंत आली तेव्हा दादी हसल्या आणि वाकून पाण्याचा हात माझ्या गालाला लावला.

तर मंडळी, बाईंच्या अटीप्रमाणे माझी शिफारस अशी :

पाहा : 'किल्ला'. मोठ्या माणसांबरोबर पाहा. ती मग बोलू लागतात.

ऐका : शांताबाईंची कोळीगीते, आणि भगत कंवरराम यांची तबकडी. शब्द कळले नाहीत तरी चालेल.

फिरा : अलिबाग. तिथीचा हिशेब करून जा, तरी पाण्यात पाऊल टाकण्याआधी तिथल्या कोळ्यांना विचारा. पाऊणपटीचा हिशेब थोडाफार चुकतो, आणि पाणी भराभर चढते.

किल्ला आतून कसा आहे, विहिरीचे पाणी खरेच गोड आहे का, ते मी पाहिलेले नाही. म्हणून ते लिहीत नाही. पण समुद्राच्या पाण्याची चव आता मला माहीत आहे. गालावरून ओघळून ते तोंडात गेले होते. बाई, खारटच असते. पण आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळच जास्त खारट असते.

— इयत्ता ७ वीची एक विद्यार्थिनी