वडिलांचा व्यवसाय

प्रवेश-अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. पहिल्या वर्षी मी तिथे 'स्वतंत्र व्यवसाय' असे लिहिले. ते खोटे नव्हते. पण 'मोटार मेकॅनिक' लिहायला हात धजला नाही, हे खरे.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आबांचा हाताखालचा पोरगा गावी गेला, म्हणून मी गॅरेजात उभी राहिले. आमच्या रत्नागिरीची खारी हवा लोखंडाला सोडत नाही. एका जुन्या अँबॅसॅडरचे ब्रेक-पाइप गंजले होते. मालक म्हणाले, "गळतंय तेवढाच तुकडा बदला." आबांनी मला गाडीखाली बोलावून पाइपावर नख ओढले. खपली निघाली, खाली तेलाची ओल. "ह्या गाडीत चारी चाकांना एकच लाइन. एका जागी फुटली की पेडल तळाला. बदलीन तर सगळे."

नवा पाइप वाकवायचा, नट ओवायचा, मग तोंड पसरवून दुमडायचे. पहिल्या पाइपाला मी नट ओवायलाच विसरले; आबा नुसते हसले. दुसऱ्याच्या तोंडाला केसाएवढी चीर दिसली. आणखी एक वाया गेला म्हणतील, या भीतीने मी गप्प राहून नट आवळला.

मग हवा काढायची. मी सीटवर, आबा खाली. "मार, मार... धर!" निपलातून बुडबुडे येत. तेल दबत नाही, हवा दबते. म्हणून आत हवा राहिली की पेडल नरम. बुडबुडे थांबले. "आता जोरात दाबून धर." मी धरले. क्षणभराने आबा बाहेर आले.

"थेंब आलाय. चीर दिसली होती?"

मी मान हलवली. ते रागावले नाहीत. तो पाइप काढून नवा माझ्या हातात दिला. "बाळा, तुमच्या कॉलेजात चाळीसला पास करतात. इथं नाही."

संध्याकाळी त्यांनी आधी एकट्याने मैदानात गाडी फिरवली. मगच मला शेजारी बसवून उतारावर नेली. गाडी सरळ थांबली. स्टिअरिंगवरचे त्यांचे काळे हात मी प्रथमच नीट पाहिले.

यंदाच्या अर्जात मी 'मोटार मेकॅनिक' असे लिहिले. खिडकीतल्या कारकुनाने मान वर करूनसुद्धा पाहिले नाही.